दाट निलंबनाचे आघातजन्य घनीभवन : एक विवेचन

मक्याचा स्टार्च, म्हणजेच बाजारात 'कॉर्नफ्लोअर' या नावाने मिळणारे पांढरे पीठ, थोड्या पाण्यात कालवल्यास होणारे दाट मिश्रण चमच्याने सावकाश ढवळता येते. मात्र त्यावर मूठ आपटली असता ती आत शिरत नाही. विज्ञान प्रदर्शनांतून हा प्रयोग हमखास दाखविला जातो आणि 'हा न्यूटनेतर द्रव आहे' असे सांगून विषय संपविला जातो. वस्तुतः हे केवळ नामकरण झाले, स्पष्टीकरण नव्हे. टोमॅटो सॉस हाही न्यूटनेतर द्रवच आहे; तो तर हलविल्यावर अधिक पातळ होतो.

निलंबन (अर्थातच येथे प्रशासकीय अर्थाने नव्हे) म्हणजे द्रवात न विरघळता राहिलेल्या सूक्ष्म कणांचे मिश्रण. स्टार्चचे कण काही मायक्रोमीटर ते वीसेक मायक्रोमीटर आकाराचे असतात. मंद गतीत कणांमध्ये द्रवाचा पातळ थर टिकून राहतो व ते एकमेकांवरून घसरतात. प्रतिबल विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले, की कणांमधील प्रतिकर्षण अपुरे पडते, कण एकमेकांस प्रत्यक्ष भिडतात आणि घर्षण सुरू होते. मॅथ्यू व्यार व मायकेल केट्स यांनी २०१४ मध्ये या कल्पनेस सुटसुटीत गणिती रूप दिले.

परंतु एवढ्याने कोडे सुटत नाही. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा भार १५० चौरस सेंटिमीटरच्या एका पावलावर आला, तर दाब सुमारे ४० हजार पास्कल होतो. अखंड कर्तनात अशी निलंबने साधारणतः काही हजार पास्कल प्रतिबलच पेलतात. तरीही या मिश्रणाने भरलेल्या हौदावरून माणसे धावत जातात!

शिकागो विद्यापीठातील स्कॉट वायटुकायटिस व हाइनरिख येगर यांनी २०१२ मध्ये निलंबनावर ॲल्युमिनियमचा दंड आदळवून, अतिवेगवान कॅमेरा व क्ष-किरणांच्या साहाय्याने याचा उलगडा केला. दंडाखाली घट्ट झालेला गोळा तयार होतो व तो वेगाने खाली वाढत जातो. भोवतीचे निलंबन त्यात सामील होत राहते, या वाढत्या वस्तुमानास संवेग द्यावा लागतो आणि त्यामुळे दंडाची गती खुंटते. म्हणजे धावणाऱ्याचे पाऊल तळाच्या आधारावाचूनही सावरले जाते. थांबणारा मात्र बुडतो.

या गोळ्याची वाढ समजाविण्यासाठी हिम ढकलणाऱ्या फाळाची उपमा दिली गेली. कणांचे मूळ प्रमाण ५० टक्के व जखडण्याचे ५५ टक्के धरल्यास, फाळ १ सेंटिमीटर सरकेपर्यंत घट्ट थराची पुढील कड ११ सेंटिमीटरवर पोचते. उपमा आकर्षक आहे; पण ती पूर्णतः खरी ठरली नाही. येगर यांच्याच प्रयोगशाळेत २०१६ मध्ये श्राव्यातीत ध्वनीने केलेल्या मापनात कणांच्या प्रमाणातील वाढ नगण्य आढळली. कण दाटतात म्हणून नव्हे, तर कर्तनामुळे त्यांच्या स्पर्शांचे जाळे विणले जाते म्हणून निलंबन जखडते. इवो पीटर्स, सायंतन मजुमदार व येगर यांनी त्याच वर्षी दोन दंडगोलांमधील निलंबनात या कर्तनजन्य जखडणीचे प्रत्यक्ष निरीक्षण नोंदविले. 'दाबल्याने कण जवळ येतात' हे वर्गात सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणूनच सुधारावयास हवे.

उपयोजनाच्या बाबतीतही सावधगिरी इष्ट. सिलिका-निलंबनात भिजविलेल्या केव्हलार कापडावरील डेलावेअर विद्यापीठ व अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेचे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कापडाची वाढलेली रोधकता कितपत निलंबनाच्या घनीभवनामुळे आणि कितपत धाग्याधाग्यांतील वाढलेल्या घर्षणामुळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.