अंगावरील फोड : विषाणू आणि पेम्फिगस

अंगावर फोड उठले की ते संसर्गाचेच असणार, असे आपल्याकडे सहज गृहीत धरले जाते. देवीच्या साथींनी ही समजूत पिढ्यानपिढ्या रुजविली. भारतातून देवी १९७५ मध्ये हद्दपार झाली. समजूत मात्र टिकून आहे. तिचा सर्वाधिक जाच होतो तो पेम्फिगसच्या रुग्णास. त्याचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे. वस्तुतः हा रोग स्पर्शाने किंवा उष्ट्या अन्नाने कोणासही होत नाही.

त्वचेच्या पेशींना परस्परांशी जखडून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिने असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच त्यांना परकी समजून त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते. पेशी सुटतात, फोड येतो, तो लवकर फुटतो आणि ओली जखम उरते. अशी प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात असल्याचे बॉयटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. पुष्कळदा प्रारंभ तोंडातील व्रणांनी होतो व ‘तोंड आले’ म्हणून कित्येक महिने वाया जातात.

मग विषाणूंचा संबंध कोठे येतो? ओठांवर बारीक फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू अनेकांच्या शरीरात सुप्त असतो. पेम्फिगसवरील स्टेरॉईडमुळे प्रतिकारशक्ती मंदावली की तो उघड्या जखमांत शिरकाव करतो. जखमा चिघळतात, मूळ रोगच उसळला असे वाटून स्टेरॉईडची मात्रा वाढविली जाते आणि विषाणूला रान मोकळे मिळते. म्हणूनच योग्य उपचार चालू असूनही व्रण भरत नसतील, विशेषतः ते अधिक दुखू लागले असतील, तर त्यातील द्रावाची तपासणी आवश्यक ठरते. हर्पीस आढळल्यास ॲसायक्लोव्हिर हे औषध गुणकारी आहे. काही रुग्णांत हा विषाणू मूळ रोगासही चेतवतो, असे मानण्यास आधार आहे. परंतु तोच रोगाचे कारण होय, असे सिद्ध झालेले नाही.

नागीण हा निराळा विकार. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होऊन शरीराच्या एका बाजूस फोडांचा पट्टा उठवितो. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. तथापि कांजिण्या न झालेल्या बालकास तिच्या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात; फोड झाकलेले असावेत.

स्टेरॉईड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुसंख्य रुग्ण दगावत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात ‘पल्स’ उपचारपद्धती रूढ केली. अलीकडे रिटुक्सिमॅबही वापरले जाते. बरे वाटताच गोळ्या एकाएकी बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. तसेच अशा रुग्णास कोणतीही जिवंत लस देण्यापूर्वी त्याच्या त्वचारोगतज्ज्ञाचा लेखी सल्ला घ्यावा.