गेट : भीती कशाची, तयारी कशाची?

'गेट'चा विषय निघाला की आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "ते आयआयटीवाल्यांचं काम आहे." दुसरं, "आपलं इंग्लिश कच्चं आहे." हे दुसरं वाक्य माझ्या रूममेटचं. तो रिसोड तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. मी कॉन्व्हेंटचा. पण थर्मोची गणितं मला तोच शिकवतो! म्हणून हा लेख मराठीत लिहायचं धाडस करतोय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी परीक्षा समजून घेऊ. ती आयआयएससी बंगळूर आणि 7 आयआयटी मिळून घेतात. तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर 3 वर्षं चालतो. या स्कोअरवर एम.टेक.ला प्रवेश मिळतो, शिवाय काही सरकारी कंपन्या त्यावरच इंजिनिअर घेतात. वेळ 3 तास, प्रश्न 65, मार्क 100. त्यातले जनरल अॅप्टिट्यूडचे फक्त 15, आणि त्यातही काही आकडेमोडीचे. मेकॅनिकलच्या पेपरात 13 मार्क गणिताचे आणि 72 आपल्या विषयांचे. म्हणजे नुसत्या इंग्रजीवर पेपर निघत नाही, आणि इंग्रजीवाचून अडतही नाही.

आता अभ्यास. आपण सगळे एकच चूक करतो, तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61 टक्के! म्हणून धडा झाला की वही मिटा, कोऱ्या कागदावर सूत्रं लिहा, मग मागच्या वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा. क्लासला पैसे नसतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत.

निगेटिव्ह मार्किंगची फार धास्ती असते. हिशोब करून बघू. एक मार्काचा चार पर्यायांचा प्रश्न चुकला तर 1/3 मार्क जातो. डोळे मिटून तुक्का मारला तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी 1/9 मार्क फायदा, दोन कळले तर 1/3. म्हणजे थोडं येत असेल तर सोडू नका, काहीच येत नसेल तर पुढे चला. संख्या टाइप करायच्या प्रश्नांना आणि एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात अशा प्रश्नांना निगेटिव्ह नाही. ते कोरे ठेवू नका.

परीक्षेत पेपर तीन फेऱ्यांत सोडवा : आधी सोपे, मग वेळखाऊ, शेवटी शंकेचे. पहिल्या मॉक टेस्टमध्ये मी एकाच प्रश्नावर 14 मिनिटं घालवली आणि शेवटचे 9 प्रश्न बघायचेच राहिले. त्यातले 5 मला येत होते! आणखी एक, स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा माउसने चालवावा लागतो, त्याची सवय आधीच करा. सेंटर बाहेरगावचं आलं तर आदल्या दिवशीच पोहोचा. सकाळच्या एसटीच्या भरवशावर वर्षभराची मेहनत ठेवू नका.

रूममेटच्या वडिलांची चार एकर सोयाबीन आहे. "एकदाच देईन, पुन्हा पुन्हा देणं परवडणार नाही," असं तो म्हणतो. म्हणूनच पहिल्याच वेळी नीट द्यायची. रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघं दहा प्रश्न सोडवतो. तो मला थर्मो समजावतो, मी त्याला इंग्रजी उतारे.

तिसरी खुर्ची रिकामी आहे. या!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल