झोपाळा आणि तंबोरा

गेल्या पावसाळ्यात शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आठवडाभर रजेवर गेले आणि आठवीचा तास आमच्या वाट्यास आला. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मनुष्याने पदार्थविज्ञान शिकवावे, ही गोष्ट सरकारी शाळेतच घडू शकते. धडा ध्वनीचा होता. पहिल्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, व्हायब्रेशन आणि ऑसिलेशन यांत फरक काय?" आम्ही क्षणभर खिडकीबाहेर पाहिले आणि मुख्याध्यापकास शोभेल अशा स्वरात सांगितले, "काही नाही. दोन्ही एकच. लिहून घ्या, कंपन."

वर्गाने लिहून घेतले. पुढे चाचणीत नेमका प्रश्न आला, दोलन आणि कंपन यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा, गुण दोन. ज्यांचे आमच्या तासाकडे लक्ष नव्हते त्यांनी पुस्तकातले उत्तर लिहिले. त्या मुलीने लिहिले, "फरक नाही. दोन्ही एकच." तिला शून्य मिळाले. उत्तरपत्रिका घेऊन ती आमच्या दालनात आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, आश्चर्य होते. आणि तेच आम्हास अधिक लागले.

त्या संध्याकाळी कोश काढून बसलो. ऑसिलेशन या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'ऑसिलम' हा शब्द कोशकार दाखवतात. झाडाला टांगलेला, वाऱ्यावर हलणारा देवाचा छोटासा मुखवटा, आणि त्यावरून झोका. आपल्या 'दोलन' या शब्दाच्या पोटीही संस्कृत 'दोला', म्हणजे झोकाच आहे. व्हायब्रेशनचे मूळ मात्र 'व्हिब्रारे', म्हणजे हालवणे, भाला परजणे. हातातील भाल्याचे पाते थरथरते, ते कंपन. इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकाच झोक्यावर बसून शब्द घडवावा, हे पाहून आमच्यातील भाषेचा विद्यार्थी सुखावला आणि विज्ञानाचा बदली शिक्षक खजील झाला.

आम्हां बडोदेकरांना तर हा फरक चुकायला नको होता. येथील कितीतरी मराठी घरांत बैठकीच्या खोलीत झोपाळा असतो. शेजारी त्याला हिंचको म्हणतात. झोपाळा मधल्या जागेवरून पुढे जातो, परततो, मागे जातो, पुन्हा परततो. हे दोलन. लाकडी पाटाचा आकार बदलत नाही. सबंध पाटच जागा बदलतो आणि गुरुत्वाकर्षण त्यास मध्याकडे ओढते. कड्या दोन मीटर लांब असतील, तर एका पूर्ण हेलकाव्यास तीन सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो. पाटावर आजी बसो की नातू, आणि झोका थोडा मोठा असो की लहान, हा वेळ जवळपास तोच राहतो. पिसाच्या प्रार्थनामंदिरातील झुलता दिवा पाहून गॅलिलिओने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर हीच गोष्ट ताडली, अशी कथा सांगतात. घड्याळाच्या लंबकास पुढे हाच गुण उपयोगी पडला.

तंबोऱ्याच्या तारेचे तसे नाही. तार दोन टोकांस जखडलेली. ती छेडली की स्वतःच वाकते आणि तिच्यातील ताणच तिला सरळ करू पाहतो. हालचाल इतकी बारीक व जलद, की डोळ्यांना तार धूसर दिसते आणि कानांना स्वर ऐकू येतो. हे कंपन. घनवस्तूच्या अंगच्या लवचीकपणातून उपजणारी ही थरथर होय. सेकंदास साधारण २० ते २०,००० कंपने मनुष्याच्या कानास कळतात. झोपाळ्याचा स्वर ऐकू येत नाही तो याचमुळे. (कड्यांची कुरकुर निराळी, ते कंपनच.)

संगीताच्या पुस्तकांनी मात्र घोटाळ्यात भर घातली आहे. तेथे तारेच्या कंपनांना 'आंदोलनसंख्या' म्हणतात. षड्ज २४० आंदोलनांचा, असे पंडित भातखंडे यांच्या परंपरेत शिकवले जाते. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांनी आमच्या बडोद्यासच भरवली, म्हणून ही तक्रार आदरपूर्वकच करतो. कारण दरबारी कानड्यातील 'आंदोलित गांधार' ही गोष्ट अगदी वेगळी आहे. तेथे गायकाच्या कंठातील तंतू सेकंदाला शेकडो वेळा थरथरत असतात, आणि त्या थरथरीतून उमटलेला स्वर सावकाश खालीवर झुलत असतो. कंपनाच्या खांद्यावर दोलन! एकच शब्द दोहोंस वापरला, तर हे सौंदर्य सांगायचे तरी कसे?

घरच्या मराठीला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. फांदी डोलते, पान थरथरते. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो. तो झुलतो असे कोणी म्हणत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छचा भूकंप झाला, तेव्हा तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या बडोद्यातही धक्का जाणवला. आमच्या घरी कपाटाच्या काचा खणखणल्या आणि छताचा दिवा हेलकावे घेत राहिला. काचा थांबल्यावरही दिवा झुलतच होता. दोन्ही शब्दांचा धडा त्या दिवशी आमच्या डोक्यावरच टांगलेला होता; परंतु आम्ही मुलांना घेऊन अंगणात धावलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दालनातील जुना टेबलपंखाच वर्गात नेला. त्याच्या बटणावर इंग्रजीत 'ऑसिलेशन' असेच लिहिलेले आहे. बटण दाबताच त्याने मान डावीकडून उजवीकडे फिरवण्यास आरंभ केला, आणि सैल झालेली जाळी खडखडू लागली. मान फिरते ते दोलन, जाळी थरथरते ते कंपन, असे सांगून आम्ही पूर्वीची ओळ सर्वांस खोडावयास लावली. चूक आमची होती, हेही सांगितले. वर्ग जरा अधिकच शांत झाला.

एवढ्यावर सुटलो असतो. पण पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, ती लपवणे बरे दिसले नसते. दोलन ही मोठी जात, कंपन ही त्यातील एक पोटजात. मध्यापासून इकडेतिकडे पुन्हा पुन्हा होणारा कोणताही बदल दोलन होय. घरातील विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळा पुढेमागे होतो, तेही दोलनच, मग तार जागची हलो वा न हलो. म्हणजे प्रत्येक कंपन हे दोलन असते. प्रत्येक दोलन मात्र कंपन नसते.

मुलीने हात वर केला. "सर, मग कंपनाला दोलन म्हटले तर चूक नाही ना?"

"नाही, बाळ."

"म्हणजे माझे उत्तर अर्धे बरोबर होते."

एव्हाना रजेवरून परतलेले विज्ञानाचे शिक्षक मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी उत्तरपत्रिका मागवली, बराच वेळ पाहिली आणि शून्य खोडून एक केला. पंख्याची जाळी आम्ही सुतळीने आवळून बांधली आहे; मान तो अजून फिरवतो.