फराळाचा डबा आणि आतली कडी

दिवाळीच्या सुमारास अंथुर्ण्याच्या फाट्यावर उतरले की फराळाच्या तळणाआधी वास येतो तो नुकत्या तोडलेल्या उसाचा. बारामती-इंदापूर रस्त्यावर बैलांच्या टायरगाड्यांची रांग लागलेली असते. नीरा डाव्या कालव्याने हा मुलूख भिजवला त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. एका अंगाला भवानीनगरचा छत्रपती कारखाना, दुसऱ्या अंगाला वालचंदनगर, आणि मध्ये नजर पोचेल तिथवर ऊस. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी याच रस्त्याने जाते, बेलवाडीला रिंगण होते, तेव्हा अवघा परिसर यजमान असतो. दिवाळीला येतात ते पाहुणे निराळे. बीडचे, नगरकडचे. त्यांना यजमान नसतो, मुकादम असतो.

दसऱ्यानंतर उचल घेऊन निघायचे, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडात राबायचे, हा त्यांचा शिरस्ता. हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, पण खतावणीत नोंद एका हत्याराची. सारा जन्म खतावण्या पाहण्यात गेला असल्यामुळे ही नोंद मला नेहमी खटकत आली आहे.

मी निवृत्त झाल्यावर ज्या क्लबात ओढला गेलो, त्याचे नाव सांगत नाही. परदेशी वळणाचे आहे, अध्यक्षांच्या गळ्यात माळ असते आणि सभा घंटेच्या टोल्याने सुरू होते, एवढे सांगितले तरी पुरे. बँकेतला माणूस म्हणून खजिनदारी आपोआप माझ्याकडे आली. क्लबाचा दिवाळी स्नेहमेळावा दरवर्षी शहरात, कार्यालयात व्हायचा. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सुचवले, यंदा अंथुर्ण्याला, ऊसतोड कामगारांच्या तळावर करू. सूचना एकमताने मंजूर झाली. एकमताने मंजूर होणाऱ्या सूचनांची मला नोकरीपासून धास्ती आहे.

मंडप पडला. फलक लागला, त्यावर आम्हा पदाधिकाऱ्यांचे फोटो. सभासदांच्या सौभाग्यवतींनी आठवडाभर खपून करंज्या, शंकरपाळी, चिवडा, बेसनाचे लाडू केले होते आणि ते उत्तम झाले होते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे वाचून त्यांच्या कष्टांवर कोणी बोट ठेवू नये. कोप्यांतल्या बायामाणसांना दुपारी बोलावले होते. ती कामावरून आली अंधार पडताना. उसाची गाडी भरल्याशिवाय फड सोडता येत नाही, ही गोष्ट साखरेच्या मुलखात राहणाऱ्या आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती. तोवर आमची जेवणे झाली होती. मग डबे वाटले. प्रत्येक डब्यामागे एक फोटो. एका मुलीने डबा घेताच झाकण उघडले, तर छायाचित्रकाराने तिला ते पुन्हा लावायला सांगितले. ती घाबरून लावू लागली. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही.

परतताना गाडीत सौ. बराच वेळ गप्प होती. लासुर्णे मागे पडल्यावर म्हणाली, "तुम्हांला ठाऊक आहे का, त्या बाईने मला काय विचारले?"

बाई चाळिशीची असावी. डबा हातात घेऊन तिने हिला बाजूला नेले होते. म्हणाली होती, "ताई, ग्वाड झालंय सगळं, लेकरं खातील. पण तुमी एवढी मोठी माणसं आलाव, तर एक आडुसा करून द्या. पहाटं तीनला उठावं लागतंय, मानसं उठायच्या आधी. पोरगी आता मोठी झालीया. पत्र्याचा असूंद्या, पन कडी आतून पायजे."

मी त्यावर काय बोललो ते नीट आठवत नाही. 'बघू' असे म्हणालो असेन. बँकेत तीस-पस्तीस वर्षे हाच शब्द वापरला.

त्या रात्री एक जुना अर्ज मात्र आठवला. नव्वदच्या दशकात मी याच भागात एका शाखेत अधिकारी होतो. ऊस उत्पादकाला पीककर्ज देताना आमचा हात कधी अडखळला नाही. वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर व्हायची. एकदा पाथर्डीकडचे एक जोडपे बैलजोडीसाठी कर्ज मागायला आले. मुकादमाची उचल फिटत नव्हती. सात-बारा होता, पण गावाकडचा. १९८९ पासून सेवाक्षेत्र योजना लागू होती. प्रत्येक शाखेला गावे वाटून दिलेली, बाहेरच्याला कर्ज नाही. मी कागद परत केला, नियमाप्रमाणे केला. सहा महिने ती माणसे आमच्या शाखेपासून हाकेच्या अंतरावर राहत होती, पण आमच्या सेवाक्षेत्रात ती नव्हती.

हे नुसते अब्रूचे प्रकरण नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जातात, अशी ओरड झाली तेव्हा २०१९ साली सरकारने समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाणी नाही, आडोसा नाही, पाळीतही रजा नाही, खाडा झाला तर दंड. जंतुसंसर्ग अंगावर काढायचा, आणि मग कोणी डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाका.

पुढच्या सभेत मी खर्च मांडला. मंडप, जेवण, फलक आणि छायाचित्रे यांची बेरीज फराळाच्या बेरजेपेक्षा मोठी होती. मग शौचालयांचा विषय काढला. शांतता पसरली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, दिवाळीच्या सभेत हा कसला विषय!" त्यावर मी वाचलेली एक गोष्ट सांगितली. आमच्यासारख्या सगळ्या क्लबांची थोरली बहीण म्हणजे रोटरी. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ साली शिकागोत तीन मित्रांना घेऊन ती काढली, आणि सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे म्हणून ते नाव पडले. त्या पहिल्या क्लबाने १९०७ साली जे पहिले सार्वजनिक काम अंगावर घेतले, ते शहरात सार्वजनिक शौचालये बांधून घेण्याचे होते. पोलिओचे डोस वगैरे पुष्कळ नंतरचे. स्त्रियांना रोटरीची दारे खुली झाली ती १९८९ साली, लायन्सची १९८७ साली. आमच्या सभेत त्या दिवशी मत देणाऱ्या बाया तीनच होत्या, आणि तिघींचे हात आधी वर गेले.

काम मात्र वाटले तितके सोपे निघाले नाही. जमीन शेतकऱ्याची. तो भला माणूस, पण म्हणाला, "पक्कं काही बांधू नका, फेब्रुवारी-मार्चला पट्टा पडला की मला रान मोकळं पाहिजे." शोषखड्डा कुठे घ्यायचा, पाणी कोण भरणार, सफाई कोणाकडे, यावर मुकादम, शेतकरी आणि आम्ही यांच्यात चार बैठका झाल्या. पहिल्या महिन्यात एकाला बाहेरून कुलूप लागले. मुकादमाच्या माणसाने किल्ली स्वतःकडे ठेवली होती. ते सोडवायला सौ.च गेली. मी गेलो असतो तर पुन्हा 'बघू' म्हणून आलो असतो, असे तिचे मत आहे.

उन्हाळ्यात पत्रे उलगडून आमच्या गोठ्याच्या पडवीत लावून ठेवले. पुढच्या दिवाळीला तळावर दुसरीच टोळी उतरली. ती बाई त्यांत नव्हती. कोणत्या कारखान्याला गेली, की गावीच राहिली, कोणालाच सांगता आले नाही. तिचे नाव विचारायचे हिच्याही ध्यानात राहिले नव्हते.

मेळावा अजून होतो. वेळ आता रात्री आठची, गाड्या रवाना झाल्यावर. फलक आहे, पण लहान. फोटो बंद करावेत हा माझा ठराव दोनदा नामंजूर झाला. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे-चौघे पत्रे घेऊन तळावर गेलो. उभारून झाल्यावर सौ. एकेका आडोशात शिरून दार लावून पाहत होती. तिसऱ्यातून तिने आवाज दिला, "अहो, इथली कडी गंजली आहे, नीट बसत नाही. अंधार पडायच्या आत नवी आणा."

मी स्कूटर काढली आणि जंक्शनच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे निघालो. समोरून उसाच्या गाड्या येत होत्या.