शिश्नदाह व त्यावरील औषधें

कांहीं व्याधि असे आहेत कीं, त्यांचें नांव चारचौघांत काढणें शिष्टसंमत नाहीं. आणि म्हणूनच वैद्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं ते बळावतात. शिश्नाचा मणि व त्यावरील त्वचा यांचा दाह हा त्यांपैकींच एक होय. आमच्या प्राचीन वैद्यांस हा संकोच नव्हता. त्वचेचें तोंड आंवळून मणि उघडा होत नाहीं, त्या विकारास सुश्रुतसंहितेंत ‘निरुद्धप्रकश’ अशी संज्ञा असून, तूप माखलेली नळी क्रमाक्रमानें जाड घेऊन तें तोंड रुंद करण्याचा उपायही तेथें सांगितला आहे. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिण्यांत आम्हांस औचित्यभंग वाटत नाहीं.

लाली, सूज, कंड, आग व पांढरट स्राव हीं लक्षणें बहुधा सारखींच दिसतात. कारणें मात्र निरनिराळीं असतात, आणि औषध कारणास द्यावयाचें असतें.

प्रौढांत पुष्कळदां हें कारण म्हणजे कँडिडा नांवाची बुरशी. तीवर क्लोट्रिमाझोलचें शेंकडा १ प्रमाणाचें मलम दिवसांतून दोन वेळां, ७ ते १४ दिवस लावतात. विकार तीव्र असल्यास डॉक्टर फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनीं ही गोळी परस्पर घेऊं नये. पत्नीसही लक्षणें असल्यास दोघांचे उपचार बरोबरच व्हावेत. साबणानें वा जंतुनाशकानें त्वचा चुरचुरली असेल, तर तें वर्ज्य करून कोमट पाण्यानें धुणें व कोरडें ठेवणें, फार तर सौम्य हायड्रोकॉर्टिझोन थोडे दिवस लावणें, एवढ्यानें बहुधा भागतें. जिवाणुजन्य दाहास प्रतिजैविक लागतें. तें कोणतें, हें तपासणीअंतींच ठरतें.

लाजेपोटीं गृहस्थ दुकानदारासच औषध विचारतो, आणि तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र कालवलेलें मलम घरीं येतें. दोन दिवसांत आग शमते. परंतु स्टिरॉइडनें त्वचा पातळ होते, आणि दबलेली बुरशी पुन्हा पसरते. कांहीं दीर्घकालीन त्वग्विकारांत तीव्र स्टिरॉइड योग्यच असतें. पण तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं.

दाह वारंवार होत असेल, तर रक्तांतील साखर अवश्य तपासावी. मधुमेहाची पहिली सूचना कित्येकांस अशीच मिळते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन हीं मधुमेहाचीं औषधें साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात, त्यामुळें तेथें बुरशीस पोषण मिळतें. तरी तीं आपल्या मतानें बंद न करितां डॉक्टरांस कळवावें.

लहान मुलांत ही त्वचा जन्मतः मण्यास चिकटलेलीच असते, व पुढें कालांतरानें आपोआप सुटते. न्हाऊं घालतांना ती बळानें मागें ओढूं नये. जखम होऊन व्रणानें तोंड अधिकच आंवळतें. मागें गेलेली त्वचा पुढें न येऊन मणि सुजला, किंवा मूत्र अडलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. प्रौढाचा न भरणारा व्रण अथवा गांठ असल्यास तुकडा काढून तपासणी करावी लागते, कारण क्वचित् तो कर्करोग असतो.

आजीबाईंचें गुडघ्याचें दुखणें साऱ्या घरास ठाऊक असतें. सोळा वर्षांच्या नातवाचें हें दुखणें कोणासच ठाऊक नसतें. घरांतील वडील पुरुषांनीं मुलांशीं या अवयवाच्या स्वच्छतेविषयीं एकदां साध्या शब्दांत बोलावें, व कांहीं झाल्यास आपणांकडे यावें असें सांगून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.