तेलात पाणी : जुन्या बोटीच्या इंजिनाचं दुखणं



आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पुढे कोकणात त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. तेव्हा तेल आणि पाणी या दोघांची ओळख आपल्याला जुनीच आहे. हेच दोघे बोटीच्या इंजिनात एकत्र आले तर काय होतं, ते आज पाहू.

अश्दोदला आमच्या शेजाऱ्यांकडे मासेमारीची एक जुनी बोट आहे. तिचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटातच बसवलेलं आहे. गेल्या वर्षी त्यांनी तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढली तर तेल काळं नव्हतं, दूध घातलेल्या कॉफीसारखं होतं. मुसाखवाला आला, वरवर बघितलं आणि म्हणाला, "इंजिन संपलं, नवीन घ्या." नवीन इंजिन म्हणजे त्यांची आयुष्याची बचत! आम्ही सगळी जन्मभर इस्पितळात राबलेली माणसं. रोगी न तपासता कोणी "गेला" म्हटलं तर आम्हाला पटत नाही. मग आम्ही एका जुन्या, अनुभवी मेकॅनिकला बोलावलं आणि त्याच्याजवळ बसून सगळं समजून घेतलं.

आधी शरीररचना समजून घेऊ. पुष्कळ बोटींच्या इंजिनात दोन पाणी असतात. एक गोडं पाणी, त्यात कूलंट घातलेलं. ते इंजिनाच्या आत फिरतं. दुसरं समुद्राचं खारं पाणी. पंप ते ओढतो, ते गोड्या पाण्याला थंड करतं आणि धुराबरोबर बाहेर जातं. काही जुन्या इंजिनांत मात्र खारं पाणीच थेट आत फिरतं. अशी इंजिनं आतून लवकर गंजतात.

आता पहिला प्रश्न : आत आलेलं पाणी कोणतं? काही लोक चाखून बघा म्हणतात. मुळीच चाखू नका! कूलंट चवीला गोड असतं, पण ते विष आहे. त्यापेक्षा गोड्या पाण्याच्या टाकीवर खूण करावी. पातळी रोज उतरत असेल तर गोडं पाणी कुठेतरी जात आहे. मग हेडचं गॅस्केट फाटलं असेल, हेडला तडा असेल, किंवा पाणी थंड करणाऱ्या नळ्यांना भोक पडलं असेल. नळ्यांना भोक असेल तर कूलंट बहुधा समुद्रात जातं आणि तेल स्वच्छच राहतं. पण टाकीची पातळी तशीच आहे आणि तेल मात्र पांढरट, तर संशय खाऱ्या पाण्यावर घ्यावा.

दुसरा प्रश्न : खरंच पाणी आहे का? तेल भरायच्या झाकणाखाली थोडासा पांढरा साय दिसला म्हणून घाबरू नये. थंडीत बोट थोडाच वेळ चालवली तर तिथे वाफ जमते. खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे. जुन्या, टाकाऊ पत्र्यावर (जेवणाचा तवा नको!) गरम करून तेलाचे एक-दोन थेंब टाकावेत. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. हे काम मोठ्यांनीच करावं, उघड्यावर आणि चष्मा लावून.

तिसरा प्रश्न : पाणी सिलिंडरमध्ये तर नाही? इंजिन फिरवताना एकदम अडलं तर चावी पुन्हा पुन्हा मारू नये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो. इंजेक्टर काढून हाताने फिरवावं, पाणी असेल तर भोकांतून बाहेर उडतं. मग ते का आलं ते शोधावं. एक्झॉस्टचं वाकण गंजलेलं असू शकतं. किंवा इंजिन सुरू होत नसताना फार वेळ फिरवलं, तर पंप पाणी ओढतच राहतो, धुराचा जोर नसतो आणि सायलेन्सर भरून पाणी मागे येतं. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करावा. इंजिन सुरू होताच मात्र लगेच उघडावा.

शेजाऱ्यांच्या टाकीची पातळी तसूभरही हलली नव्हती. सिलिंडर कोरडे होते. त्यांच्या इंजिनाचा खाऱ्या पाण्याचा पंप थेट इंजिनाला जोडलेला आहे. त्याच्या दोन सीलांच्या मध्ये खाली एक छोटं भोक असतं. सील गळलं की पाणी तिथून टपकावं आणि आपल्याला कळावं, यासाठी ते ठेवलेलं असतं. ते भोक मिठाने आणि रंगाने बुजलं होतं! वाट न मिळाल्याने पाणी दुसऱ्या सीलातून तेलात शिरलं. सील बदलले, इंजिन थोडं थोडं चालवून तेल आणि फिल्टर तीनदा बदलले, तेव्हा तेल स्वच्छ राहिलं. बोट आजही समुद्रात जाते.

खारं पाणी आत शिरलं तर त्याच दिवशी काढावं. मीठ लोखंडाला थांबून राहत नाही.

बालमित्रांनो, सबाबरोबर बोटीवर जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी त्यांना एवढंच विचारा, "सबा, पट्टी बघितली का?"