पन्नास पैशांचा प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या टेबलावर पत्र्याचा एक जुना डबा असतो. महिन्यातून एकदा आम्ही एखाद्या लेखकाला गप्पांना बोलावतो, आणि त्याआधीचे पंधरा दिवस हा डबा पोस्टकार्डांनी भरत जातो. ज्यानं पुस्तक वाचलंय त्यानं आपला प्रश्न कार्डावर लिहून टाकायचा. एका माणसाला एकच कार्ड, एका कार्डावर एकच प्रश्न.

ही कल्पना मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडून उचलली. त्यांचा कार्यक्रम संपला की मुलं वह्या पुढे करत आणि स्वाक्षरी मागत. ते सांगत, तुझा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. सही हवी तर आधी विचार करायला हवा, असा तो सौदा होता. पन्नास पैशांच्या कार्डावर जागा बोटभर. तिथे पाल्हाळ लावता येत नाही, 'सर, तुमचं पुस्तक फार आवडलं' यातच निम्मं कार्ड संपतं. मग माणूस मुद्द्यावर येतो.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. पुण्याला 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था दाखवून मुलांना परत आणताना एसटीतच मी प्रत्येकाच्या हातात एक कार्ड ठेवलं. म्हटलं, प्रश्न लिहा आणि माझ्याकडे द्या. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'रात्री आकाश काळं का असतं?' शेजारची लगेच म्हणाली, "सूर्य नसतो म्हणून!" खरं सांगायचं तर माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. घरी येऊन पुस्तकं उघडली तेव्हा कळलं की या प्रश्नानं मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. जर्मनीतल्या ऑल्बर्सनं 1823 साली तो मांडला, म्हणून तो त्याच्या नावानं ओळखला जातो. दाट रानात उभं राहिलं की कुठेही बघा, नजर कुठल्या ना कुठल्या बुंध्यावर अडतेच. तसंच विश्व अनंत असेल, अनादि असेल आणि सगळीकडे तारे पसरलेले असतील, तर नजर जाईल तिथे तारा हवा. रात्र दिवसापेक्षाही लख्ख हवी. मग काळोख येतो कुठून?

महास्फोट मानणारे म्हणतात, विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं आहे, फार लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोचलेलाच नाही. फ्रेड हॉइल आणि नारळीकर ज्या स्थिर स्थितीच्या सिद्धान्ताच्या बाजूनं उभे राहिले, त्यात विश्वाला आरंभच नाही. तिथे उत्तर वेगळं येतं. विश्व प्रसरण पावतं, दीर्घिका आपल्यापासून दूर पळतात आणि त्यांचा प्रकाश इथे येईतो क्षीण होत जातो. सातवीतल्या पोरीचा एका ओळीचा प्रश्न, आणि त्यावर विश्वाच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या. ते कार्ड माझ्या कपाटात अजून आहे.

निवृत्तीनंतर वाचनालयाचं काम अंगावर घेतलं. पहिल्या मुलाखतीत मी पाहुण्यांना विचारलं, तुम्ही लेखनाकडे कसे वळलात? त्यांनी शंभर वेळा दिलेलं उत्तर एकशेएकाव्यांदा दिलं. अर्ध्या तासात मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. लेखक दीडशे किलोमीटरवरून आलेले, आणि आम्ही त्यांच्याकडून काय घेतलं?

पुढच्या आठवड्यात प्रतिभा रानडे यांचं 'ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी' पुन्हा वाचायला घेतलं. दुर्गा भागवत म्हणजे 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, भर आणीबाणीत ठामपणे बोललेल्या. लोककथा, बौद्ध धर्म, आदिवासी समाज, स्वयंपाकघर, अशा सगळीकडे त्यांचा सहज वावर. अशा विदुषीसमोर बसायचं तर विचारणारीची तयारीही तेवढीच हवी. पूर्वी मी ते पुस्तक उत्तरांसाठी वाचलं होतं, या वेळी प्रश्नांसाठी वाचलं. त्यानंतर डबा टेबलावर आला.

आता अशा एका संध्याकाळबद्दल सांगते. पेशवेकाळातल्या गावगाड्याच्या हिशेबांवर लिहिणारे एक अभ्यासक आले होते. मोडी कागद वाचण्यात त्यांची हयात गेलेली. डब्यातून मी एक कार्ड काढलं. अक्षर थरथरतं, शाई निळी. 'पान 112. तीन खंडी धान्य. कुणाच्या मापानं?'

पाहुण्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "कुणी लिहिलंय हे?" तिसऱ्या रांगेतले एक आजोबा काठीवर रेलून उठले. ऐंशी उलटलेली, आयुष्यभर शेती केलेली.

"वीस मणांची खंडी, हे तर ठरलेलंच आहे, आजोबा," पाहुणे म्हणाले.

"ती वीस मणांचीच, साहेब. पण मण केवढा? आमच्यात मण बारा पायल्यांचा. नदीपलीकडच्या बाजारात सोळाचा. माझा बाप बैलगाडी घेऊन तिकडं जायचा, तवा आधी माप बघायचा, मग भाव इचारायचा."

सभागृहात चुळबुळ थांबली. मी कार्डाच्या मागे आकडे मांडले. वीस मणांची खंडी बाराच्या हिशेबानं 240 पायल्या, सोळाच्या हिशेबानं 320. त्याच शब्दात एक तृतीयांश धान्य जास्त. अख्ख्या गावाची वर्षाची बेगमी पुरली की नाही, हे या फरकावर ठरू शकतं. 1956 च्या कायद्यानंतर किलो आला आणि पायली, मण, खंडी हळूहळू बाजारातून गेली. ती हाताळलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांतलं एक माणूस आमच्या तिसऱ्या रांगेत बसलेलं होतं.

पुढचा पाऊण तास मी एकही प्रश्न विचारला नाही. पाहुणे विचारत होते, आजोबा सांगत होते. माप शीग लावून भरायचं की फळी फिरवून सपाट करायचं? मजुरीचं माप निराळं असायचं का? बलुत्याच्या पेंढ्या कशा मोजायच्या? मधेच मागून एक आजी म्हणाल्या, आमच्याकडं दाणं मोजताना 'एक' म्हणत नव्हते, 'लाभ' म्हणायचे. पाहुण्यांनी वही काढली. त्यांच्या पुस्तकावर बोलायला आम्ही जमलो होतो, आणि त्यांच्या पुढच्या पुस्तकाचं टिपण आमच्यासमोर होत होतं.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. पाहुण्यांची शेवटची गाडी साडेआठची. ते घड्याळाकडे न बघता आजोबांना म्हणाले, "तुमच्याकडे ती पायली अजून आहे?"

"हाय की. माळ्यावर."

नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून पाहुणे आजोबांच्या घरी गेले. मी रिक्षानं मागोमाग. पायली खाली आली तेव्हा तिच्यात लसणाचे गड्डे होते. आजींनी ते सुपात ओतले, पदरानं आतली धूळ पुसली. पाहुण्यांनी पायली दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे नेली आणि बुडाशी ठोकलेला शिक्का बोटानं चाचपत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात ज्वारी आहे का? भरून बघू."